पुरुष पालकांना अर्धा तास

यादी आईनं केली, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर.
बादली, मग, कुलपं दोन, दोरी दहा हात.
उशी घरूनच ने, तिकडच्या उशा टणक असतात म्हणे.
कोण म्हणे, ते आईला विचारायचं नसतं.

आरमोरीहून पहिली एसटी.
गादी टपावर.
उमरेडपर्यंत दर फाट्याला बाबा
खिडकीतून मान काढून वर बघत,
जशी काही गादी
मधल्याच एखाद्या गावी उतरून जाणार होती.

बुलडीत बादलीचा भाव एकशे चाळीसला सुरू झाला
आणि एकशे चाळीसलाच संपला.
मधे बाबा दोनदा दुकानातून निघून गेले.
कोणी हाक मारली नाही.

कुलर मात्र स्वस्तात पडला.
ऑगस्टात कुलर घेतो कोण?
करुणा गजभिये पुण्याला निघालेली,
तिनं नऊशेला दिला, वर एक आरसा फुकट,
त्याच्या काठाला तिच्या सात टिकल्या.
म्हणाली, पंख्याला उजवीकडून बोट लाव,
मग तो आपला आपण फिरतो.
आणि मार्चपर्यंत खसाला पाणी दाखवू नको.

दारावर दोन पाट्या.
पुरुष पालकांना अर्धा तास.
भिंतीत खिळा ठोकल्यास दंड शंभर रुपये, प्रति खिळा.
बाबांच्या पिशवीत
दुपट्ट्यात गुंडाळलेली हातोडी.

बाबा घरं रंगवतात. लोकांची.
आमचं अजून प्रायमरवर आहे.

त्यांनी लोखंडी पलंग खिडकीपासून वीतभर सरकवला,
गादी टाकली, एकदा थोपटली,
आणि मग भिंतीसमोर जे उभे राहिले
ते उभेच.
मला वाटलं, भरून आलं असेल.
तर ते तळहातानं भिंत चाचपत होते,
आंधळ्यानं चेहरा चाचपावा तशी.

"ही पुट्टी नोहे."
नखानं खरवडलं. नाकाशी नेलं.
"पुदिना."

टूथपेस्ट, बाबा.
मुली जाताना खिळे काढतात
आणि भोकं टूथपेस्टनं बुजवतात,
वॉर्डनबाईंना कळू नये म्हणून.

अख्ख्या प्रवासात हसले नव्हते ते तेव्हा हसले.
मग मोजायला लागले. अकरा.
"ही पोरगी हाताची साफ. काठ बघ कसा मारला.
ही घाईत होती, गाडी सुटत असंल.
इथून तिथं दोरी. इथं आरसा, उंच होती बाई.
अन् हे?"
पलंगाला गुडघा टेकून ते उशीपर्यंत वाकले.
उशीच्या जरा वर, एकच भोक,
एवढंसं, टाचणीचं असावं.
"हे झोपल्या झोपल्या बघायचं काहीतरी होतं."

आम्ही दोघं थोडा वेळ
त्या नसलेल्या गोष्टीकडे बघत राहिलो.

काडेपेटीतल्या काडीनं त्यांनी तीन भोकं मोकळी केली,
खिळे नुसते अंगठ्यानं आत दाबले.
हातोडी पिशवीबाहेर आलीच नाही.
"जुन्या भोकाले दंड नाही," म्हणाले,
नियम स्वतःच केल्यासारखं.
दोरी ताणली. आरसा माझ्या उंचीला लावला,
त्यात आधी स्वतः बघितलं, केस नीट केले.
टाचणीचं भोक तेवढं शिवलं नाही.

चौकीदारीणबाईंनी दार वाजवलं.
तीस मिनिटं.
त्यातली बावीस भिंतीला गेली.

फाटकाच्या वहीत त्यांनी सावकाश सही केली,
जाण्याची वेळ तिलाच विचारून लिहिली,
रस्ता ओलांडला,
ओलांडून परत आले,
गजांमधून म्हणाले,
"आपली पेस्ट लाल आहे न वो?"
हो.
"पांढरी घेऊन ठेव एखादी. लहान पुरते.
आत्ता नाही.
निघतानी लागंल."